न बोलण्याची नोकरी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कामाच्या ठिकाणी 'मुक्या बाई' म्हणतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी शिवणयंत्रावर डोकं टेकून हसले होते. ज्या बाईंना कुणी पत्ता विचारला तर तो बिचारा पत्त्याबरोबर त्यांच्या तिन्ही आत्यांची दुखणीही घेऊन जातो, त्या बाई मुक्या! मी म्हटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतील. पण निरोप घेऊन आलेला ड्रायव्हर ठामपणे म्हणाला, "नाही हो, गिधाडांकडच्या मुक्या बाई. त्यांनी विसरलेला डबा मागितलाय."

ताई (मी त्यांना ताईच म्हणते) टेकडीखालच्या केंद्रात कामाला जातात. जखमी नाहीतर आईविना सापडलेली रानातली जनावरं आणि पाखरं तिथं आणतात, बरी करतात, आणि परत रानात सोडतात. थोरले दीर गेल्यावर ताईंनी तिथं धुण्याचं काम धरलं. पुढं मांस चिरायचं काम आलं, आणि मग हातातला नेमकेपणा बघून पिल्लांना भरवायचं. भरवण्यात ताईंचा हात कुणी धरणार नाही. माझा नवरा त्यांनीच वाढवला. सासूबाई वारल्या तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई नव्या नवरी. त्यांनी दिराला असं वाढवलं, की मोटारी दुरुस्त करणारा हा दोन हातांचा धडधाकट माणूस ताटावर बसला की पाण्याचा पेलाही स्वतः उचलून घेत नाही. 'ताईंनी लाडावला आणि माझ्या गळ्यात पडला' हे माझं पेटंट वाक्य आहे. ताई त्यावर हसतात. मी हसून म्हणत नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि म्हणूनच हसतात.

आमच्या घरात जेवायला कुणी हाक मारत नाही. ताई वाढायला लागल्या की पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटतात, टण टण. पळीला चिकटलेलं खाली पडावं म्हणून. तो आवाज झाला की माझा नवरा जिथं असेल तिथून हात पुसत येतो. मी चिडून म्हणते, घंटा झाली, शाळा भरली.

तर एके दिवशी दगडखाणीतल्या एका मजुरानं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत घालून गिधाडाचं पिल्लू आणलं. खाणीतल्या स्फोटानं कड्यावरचं घरटं कोसळलं होतं. पिल्लाच्या अंगावर नुसती पांढरी लव, आणि मान अशी की आता मोडते का मग. गिधाडं आता फार थोडी उरली आहेत. गुरांना दुखण्यावर जे एक औषध देत, ते मेलेल्या गुराच्या अंगात राहायचं, आणि ते मांस खाऊन गिधाडांचे थवेच्या थवे संपले. जोडपं वर्षाला एकच अंडं घालतं. म्हणून त्या पिशवीतल्या जिवाची किंमत डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होती, असं ताई म्हणाल्या.

केंद्रातले डॉक्टर म्हणजे चाळिशीतला शांत माणूस. त्यांनी ताईंना नियम सांगितले. पिल्लू डोळे उघडून ज्याला बघतं, ज्याच्या हातून खातं, त्यालाच आपलं मानतं. माणसाला आपलं मानलेलं गिधाड रानात टिकत नाही. ते वस्तीत उतरतं, आणि दारात उतरलेल्या गिधाडाला कोण पाट मांडणार? दगडच बसतो. म्हणून पिल्लासमोर माणसाचा चेहरा नको, हात नको, आवाज नको. डोक्यापासून पायापर्यंत करडी चादर पांघरायची, हातात गिधाडाच्या मुंडक्याचा मोजा घालायचा, आणि त्या मोज्याच्या चोचीतल्या चिमट्यानं भरवायचं. नाव ठेवायचं नाही. खोकलासुद्धा काढायचा नाही.

मोजा शिवायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मी आयुष्यात झगे शिवले, गाद्यांच्या खोळी शिवल्या, एकदा नाटकवाल्यांसाठी सिंहाची शेपटीही शिवली, पण गिधाडाचं तोंड नाही. पहिला मोजा डॉक्टरांनी हातात घालून बघितला, खूप सभ्यपणे उलटसुलट केला आणि म्हणाले, "छान आहे. पण हे बदक आहे." दुसऱ्या वेळी ताई फोटो घेऊन आल्या. जुन्या पर्सचं कातडं कापून मी चोच केली, मोज्याच्या मानेवर उसवलेल्या स्वेटरची लोकर लावली, डोळ्यांना काळी बटणं. माझा नवरा बघून म्हणाला, "थेट आपल्या घरमालकासारखं झालंय." तो मोजा पास झाला.

आणि ताई गप्प बसायला लागल्या. दिवसभर. करड्या चादरीत, पिल्लाच्या खोलीत, तोंडाला कुलूप. घरी आल्या की चपला काढायच्या आधी सुरू. आज त्यानं मोज्याची चोच कशी ओढली, आज हाडाचा तुकडा पहिल्यांदा गिळला, आज पंख पसरून स्वतःच दचकलं. मी टाके घालत ऐकत असे. एकदा ताई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, दिवसभर जिभेवर येतं. खा रे, आणखी एक घे, असं. मुलांना भरवताना बोलतोच ना आपण? मी गप्प. एवढं भरवते, पण त्याला माहीतच नाही मी कोण ते."

"ते माहीत होऊ नये म्हणून तर पगार देतात," मी म्हटलं.

"हो गं," ताई म्हणाल्या, "पण वाईट वाटतं."

पिल्लू वाढलं. लव जाऊन पिसं आली, पंख पसरले की खोलीच्या दोन्ही भिंतींना टेकायला लागले. मग त्याच्या पंखावर निळा बिल्ला लावून त्याला मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. हा पिंजरा म्हणजे केवढा, तर आमची अख्खी गल्ली त्यात मावेल. आत झाडं, कड्यासारख्या बांधलेल्या पायऱ्या, आणि बरी झालेली चार मोठी गिधाडं. खाणं भिंतीतल्या घसरगुंडीवरून आत पडतं, माणूस दिसत नाही. मोठ्यांच्या संगतीत पिल्लू त्यांच्यासारखं बसायला, भांडायला, उडायला शिकलं. सगळं छान चाललं होतं. पिंजऱ्याचं छप्पर उघडायचा महिनाही ठरला. ताई घरात वाटाणे सोलताना मध्येच गालात हसायच्या.

छप्पर उघडण्याआधी पिंजऱ्यातल्या भिंतीची एक फट बुजवायची होती. मोठी गिधाडं दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि गवंडी आत शिरला. त्यानं घमेल्यातलं सिमेंट कालवलं, भिंतीला लावलं, आणि थापीला चिकटलेलं काढायला थापी घमेल्याच्या काठावर आपटली. तर वरच्या पायरीवरून आमचं निळ्या बिल्ल्याचं गिधाड उतरलं, तुरुतुरु चालत थेट त्याच्यापाशी आलं आणि त्याच्या पँटचा पाय चोचीत धरून ओढायला लागलं. गवंड्यानं थापी टाकली आणि शिडीवर चढून बसला. 'मला खायला आलंय, मी अजून मेलो नाही म्हणून सांगा त्याला,' असं तो ओरडत होता म्हणे.

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. एवढी काळजी घेऊन हे पाखरू माणसाकडं आलंच कसं? आणि जे इथं गवंड्याकडं आलं ते बाहेर कुणाकडंही जाईल. मग त्याला सोडता येणार नाही. जन्मभर पिंजरा.

त्या संध्याकाळी ताईंचा चेहरा उतरलेला होता. "मी एक अक्षर बोलले नाही गं," त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "शपथ घेऊन सांगते. खोकले नाही. चादर कधी घसरू दिली नाही. मग माणसाकडं आलं कसं?" बोलता बोलता त्यांनी वाढायला घेतलं, आणि सवयीनं पळी पातेल्यावर आपटली. टण टण.

बाहेरच्या खोलीतून माझा नवरा हात पुसत आला आणि पाटावर बसला.

ताईंनी त्याच्याकडं बघितलं. मग हातातल्या पळीकडं. पळी तशीच हवेत. "अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्याच.

माझ्याही लक्षात आलं. मांसाचा तुकडा मोज्यात धरायच्या आधी ताई चिमटा वाटीच्या काठावर आपटत असणार. चिकटलेलं खाली पडावं म्हणून. प्रत्येक घासाला. तोंड बंद ठेवलं, चेहरा झाकला, पण हात कुठला गप्प बसतोय! पिल्लाला माणूस ठाऊकच नव्हता. त्याला ठाऊक होती टण टण, आणि टण टण म्हणजे जेवण.

"काय झालं वहिनी?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"तुला जसा वाढवला ना," मी म्हटलं, "तसंच त्यालाही वाढवलंय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण पोटात ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, चूक माझीही आहे, मी काच लावलेल्या खिडकीतून बघत होतो, आवाज मला आलाच नाही. मग म्हणाले, एक उपाय आहे, पण तो तुम्हाला आवडणार नाही. तो आवाज वाईट ठरला पाहिजे. टण टण झालं की जेवण नाही, भीती. आणि भीती माणसाची. कुणीतरी चादरीशिवाय, उघड्या चेहऱ्यानं आत जायचं, वाटी वाजवायची, पाखरू आलं की ओरडायचं, डबे बडवायचे, पाण्याचा फवारा मारायचा. ते माणूस बघताच उडून जाईपर्यंत. दुसरं कुणी करेल, तुम्ही नका करू, असंही म्हणाले.

ताई म्हणाल्या, "वाटी माझ्यासारखी दुसऱ्या कुणाला वाजवता येणार नाही. माझा हात आहे तो. मीच करते."

पहिल्या दिवशी त्या आत गेल्या आणि न ओरडताच बाहेर आल्या. वाटी वाजवली, गिधाड खाली आलं, मान वाकडी करून त्यांच्याकडं बघत राहिलं. आणि आमच्या ताईंच्या, ज्यांच्या तोंडाला कधी विश्रांती नसते त्या ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. "इतके महिने मला त्याच्याशी बोलायचं होतं," त्या घरी येऊन म्हणाल्या, "आणि पहिलं बोलायचं ते 'हट' म्हणून?" डोळे भरून आले होते.

मला खरं तर त्यांचा हात धरायला हवा होता. पण माझा स्वभाव तसा नाही. शिवाय पंधरा वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला वाढवता येतं. सोडता येत नाही. आमच्या घरात चाललं, कारण इथं मी आहे निस्तरायला. तिथं रानात कोण आहे?"

ताई डोळे पुसून आत निघून गेल्या. मला वाटलं, आता अबोला. रात्रभर मला चुटपुट लागून राहिली. सकाळी त्या नेहमीसारख्या डबा घेऊन निघाल्या आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "तुझ्याकडचा तो पत्र्याचा मोठा डबा दे. बटणांचा."

बटणं टोपलीत ओतून मी डबा दिला.

त्या आठवड्यात मी शिवलेले पडदे द्यायला केंद्रात गेले होते, तेव्हा फटीतून एकदा पाहिलं. ताई उघड्या चेहऱ्यानं पिंजऱ्याच्या मधोमध उभ्या होत्या. टण टण. गिधाड उतरलं, पण लांबच थांबलं. ताईंनी एक पाऊल पुढं टाकलं आणि जी काय आरोळी ठोकली! "चल नीघ! परत तोंड दाखवू नको! मेल्या, माणसाजवळ येतोस? मारतील तुला, कळतंय का? दगड घालतील!" डबा बडवत त्या त्याच्यामागं धावल्या. गिधाड पंख आपटत वर गेलं, आणि ताई खाली उभ्या राहून अजून ओरडतच होत्या, आणि गालावरून पाणी वाहत होतं. मी पडदे दारातल्या पहारेकऱ्याकडं दिले आणि त्यांना न भेटता घरी आले.

घर त्या दिवसांत फार शांत होतं. ताईंचा आवाज बसला होता, आणि असता तरी त्या बोलल्या नसत्या. पळीही वाजायची नाही. चिकटलेलं त्या आता बोटानं काढत. पहिल्या दिवशी माझा नवरा बाहेर वाट बघत बसला, मग भुकेनं कासावीस होऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. "वहिनी, झालं का जेवण?"

"डोळे आहेत ना? बघ झाकण काढून," ताई बसलेल्या आवाजात म्हणाल्या.

त्यानं झाकण काढलं. ताटं घेतली. पाणीही घेतलं. मी जागची हलले नाही. हलले असते तर स्वप्नातून जाग आली असती, असं मला वाटत होतं.

पुढं माणूस दिसताच ते पाखरू उडून जायला लागलं. मग छप्पर उघडलं, त्या दिवशी मोठी गिधाडं आधी गेली, मग निळ्या बिल्ल्याचं. त्याच्या पाठीवर एक लहानसं यंत्र बांधलेलं होतं, ते कुठं आहे हे त्यावरून कळायचं. काही दिवसांत ते पलीकडच्या डोंगरावर रानातल्या थव्यात मिसळलं. ताईंना पेढे वाटण्याइतका आनंद व्हायला हवा होता. पण डॉक्टर म्हणाले, एक परीक्षा राहिली. पिंजऱ्यात घाबरणं वेगळं, बाहेर वेगळं. यंत्र चालू आहे तोवर एकदा बघून घेऊ. वाटी वाजवल्यावर ते माणसाकडं आलं, तर जाळं टाकून परत आणायचं. मग कायमचं.

ताई मला म्हणाल्या, "तू चल. मला एकटीला बघवणार नाही."

डोंगरावर मेलेली गुरं टाकायची एक मोकळी जागा होती. तिच्या कडेला दगडांची एक झोपडी, भिंतीला बोटभर फट. आत मी, डॉक्टर आणि जाळेवाले दोघं. वास असा, की मी नाकाला रुमाल बांधून देवाचं नाव घेत होते. समोर मेलेल्या म्हशीवर पंधरा-वीस गिधाडं तुटून पडली होती. मानेत मान अडकवून भांडत होती. त्यात निळा बिल्ला. डॉक्टरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

ताई बाहेर पडल्या. अंगावर रोजचे कपडे, डोक्यावर काही नाही, हातात वाटी आणि चिमटा. त्या पार अर्ध्या अंतरापर्यंत चालत गेल्या. काही गिधाडांनी मान वर केली आणि परत खाली घातली. म्हैस मोठी होती, भूक मोठी होती, आणि एका बाईला कोण मोजतंय!

टण टण.

निळ्या बिल्ल्यानं मान वर केली. दुर्बिणीतून मला त्याचा डोळा दिसत होता. ताई हलल्या नाहीत. डबा नव्हता, ओरडणं नव्हतं, डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. ते गिधाड ताईंच्या तोंडाकडं बघत होतं आणि मला वाटलं, झालं, आता हे येणार. जाळेवाला माझ्या शेजारी उठून उभा राहिला. माझ्या मनात एकच होतं, जा रे बाबा, जा, आमच्या ताईंचं ऐक.

ते उडालं. बाकीचं एकही हललं नव्हतं, सगळी खात होती, त्यातून ते एकटं चोचीतला घास टाकून उडालं. कड्यावरून वर चढलं, गोल फिरलं आणि पलीकडं उतरलं. मग उरलेली एकेक करून उठली.

डॉक्टरांनी टाळी वाजवली, जाळेवाल्यानं जाळं खाली ठेवलं. मी धावत ताईंकडं गेले. त्या वाटी पोटाशी धरून उभ्या होत्या आणि रिकाम्या आभाळाकडं बघत होत्या.

"जिंकलात ताई," मी म्हटलं. "सगळ्यांत आधी तेच उडालं."

"आधी तेच उडणार," ताई म्हणाल्या. अजून आवाज नीट आला नव्हता. "बाकीच्यांना मी कोण गं? कुणीतरी बाई. त्याला एकट्यालाच माहीत आहे मी कोण ते."

मी त्यांचा हात धरला. या खेपेला धरला. आणि आम्ही दोघी उतरायला लागलो.